पत, आडनाव आणि भाड्याची खोली
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात मुरुम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांला बोलावले ते बँकेतला माणूस म्हणून. आम्ही पदवी घेतली कला शाखेची आणि पोट भरतो आकड्यांवर; त्यामुळे आकड्यामागचा माणूस शोधण्याची खोड अजून गेलेली नाही. आजचा विषयही तसाच आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मुरुम, आलूर, येणेगूर, दाळिंब या गावांतली आपली मुले पुणे, सोलापूर, लातूर, हैदराबादची वाट धरतात. प्रवेश मिळतो. वसतिगृहाची यादी लागते, तीत नाव नसते. मग खोलीचा शोध सुरू होतो. अलीकडे ही मुले आमच्या काउंटरवर येऊन एक नवाच प्रश्न विचारू लागली आहेत : "सर, दलाल म्हणतो सिबिल दाखव. खोली भाड्याने घ्यायला सिबिल कशाला लागते?"

प्रश्न एका वाक्याचा आहे, पण उत्तरासाठी जरा मागे जावे लागेल.

'पत' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. बाजारात ज्याला उधार मिळते त्याला पत आहे असे म्हणतात, आणि चारचौघांत ज्याच्या शब्दाला मान त्यालाही पत आहे असेच म्हणतात. एकाच शब्दात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही बसली आहेत. आपल्या वाडवडिलांना दुसरी पत नाकारली गेली, म्हणून पहिलीही कधी मिळाली नाही. मिळाली ती सावकाराच्या अटींवर. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सावकाराच्या वहीत अंगठा उठवायचा, पण वहीत काय लिहिले ते विचारायचे नाही, अशी रीत. ब्रिटिश मुलखातही फारसे वेगळे नव्हते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथून शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा लोकांनी सावकारांकडून कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. ज्या कागदावर आपले नशीब लिहिले आहे तो कागद आपल्याला वाचता येत नाही, ही त्या रागामागची एक गोष्ट होती असे आम्हांला वाटते.

आता आजच्या वहीकडे येऊ. कर्जदारांची माहिती एका ठिकाणी जमा व्हावी म्हणून २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिबिल' हे नाव पडले. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांसंबंधी कायदा केला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क. लोक चौघींनाही सिबिलच म्हणतात, जसे एके काळी कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. बँका, वित्त कंपन्या, बचत गटांना कर्ज देणाऱ्या संस्था आपापल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पाठवतात : कर्ज किती घेतले, हप्ता वेळेवर आला की थकला, कुणाला जामीन राहिलात. त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा काढला जातो. ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही त्याच्या नावापुढे आकड्याऐवजी उणे एक येते. एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले होते, "सर, मी कुणाचं काय बुडवलं म्हणून मला उणे दिलं?" तिने काहीच बुडविले नव्हते. उणे एक म्हणजे नोंद नाही, एवढेच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही या कारणाने फेटाळू नये, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले आहे. हे लक्षात ठेवा. काउंटरवर उपयोगी पडेल.

सावकाराची वही आणि ही वही यांत एक फरक मात्र मोठा आहे. ही वही आपल्याला पाहता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दरवर्षी एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. त्यात चूक आढळली तर तक्रार करता येते. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असाही नियम एप्रिल २०२४ पासून आहे. ज्यांच्या आजोबांना वही मागण्याची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडांना ती मोबाईलवर उघडता येते. ही गोष्ट लहान समजू नका.

आता मूळ प्रश्न. घरमालकाला तुमचा सिबिल पाहण्याचा अधिकार आहे काय? नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या संस्थाच हा अहवाल मागवू शकतात. बँका, वित्त कंपन्या, विमा कंपन्या वगैरे. तुमच्या-आमच्यासारखा दोन खोल्या भाड्याने देणारा माणूस त्या यादीत नाही. म्हणून दलाल तुम्हांलाच सांगतो की अहवाल काढ आणि दाखव. दाखवायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. आमचे मत विचाराल तर पूर्ण अहवाल कुणाच्याही हाती देऊ नये. त्यात तुमचा पॅन क्रमांक, जन्मतारीख, जुने पत्ते, सगळी खाती असतात. फार झाले तर आकडा तुमच्या मोबाईलवर दाखवा आणि मोबाईल परत खिशात ठेवा.

आणि एक गंमत पहा. तुम्ही तीन वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भाडे भरले, तरी त्याची या वहीत नोंद होत नाही. आपल्याकडे घरमालक या कंपन्यांना माहिती पाठवीत नाहीत. म्हणजे खोली मिळवताना जी नोंद दाखवा म्हणतात, त्या नोंदीत खोलीचे भाडे प्रामाणिकपणे भरल्याचा शब्दही नाही! ज्याने मोटारसायकल हप्त्याने घेतली त्याची पत दिसते. जो पायी कॉलेजला जातो आणि भाडे वेळेवर देतो त्याची दिसत नाही.

परंतु विद्यार्थी मित्रहो, आपण सगळे जाणतो की खोली द्यायची की नाही हे सिबिलवर ठरत नाही. घरमालक पहिल्यांदा विचारतो : आडनाव काय? मग : गाव कोणते? मग : खाण्याचे कसे? या तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा स्वयंपाकाशी काही देणेघेणे नसते. पहिल्या दोन प्रश्नांतून जे कळले नाही ते काढून घेण्याचा तो सभ्य मार्ग आहे. त्यानंतर उत्तर येते, "खोली कालच दिली हो." दाराबाहेरची पाटी मात्र आठ दिवस तशीच असते.

इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातला बडोद्याचा प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. तो आपण भावनेने अनेकदा ऐकला आहे. आज जरा बँकेच्या नजरेने पाहू. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला गेले तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. होते, लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास करून आले होते, संस्थानाची शिष्यवृत्ती घेतल्यामुळे संस्थानच्या नोकरीला बांधलेले होते. म्हणजे उत्पन्न होते आणि नोकरीची खात्री होती. आमच्या भाषेत सांगायचे तर परतफेडीची क्षमता निःसंशय. तरी राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते उतरले. रोजचा दीड रुपया ठरला होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन परिचितांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला. त्या अकरा दिवसांचे भाडे थकले होते म्हणून हे घडले नाही. थकबाकी एका पैचीही नव्हती. वहीत जे नाव लिहिले होते आणि माणसाचे जे नाव होते, त्यांतला फरक उघडा पडला, एवढेच कारण.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी ओळख देऊन घरमालकांकडे चौकशी करण्यात आली. दलित आणि मुस्लिम चौकशी करणाऱ्यांना कुठे सरळ नकार मिळाला, कुठे भाडे वाढवून सांगितले, कुठे जादा अटी घातल्या. आणि फोनवर मिळाले त्यापेक्षा समोरासमोर जास्त नकार मिळाले. त्यांतल्या कुणालाही बँकेचा अहवाल मागून नकार दिला गेला नव्हता.

कायदा नाही असेही नाही. १९५५ सालचा अस्पृश्यताविरोधी कायदा, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यांना अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम स्पष्ट आहे. पण "कालच दिली हो" या वाक्याला शाई नसते, सही नसते, तारीख नसते. ते हवेत विरून जाते. कोर्टात उभे करायला काहीच उरत नाही.

म्हणूनच आमचे काही तरुण मित्र एक युक्तिवाद करतात, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. ते म्हणतात : "सर, मग सिबिल आलेलंच बरं नाही का? घरमालकानं आमचा आकडा बघावा. आकड्याला जात नसते. सातशे ऐंशी म्हणजे सातशे ऐंशी."

या बोलण्यात तथ्य आहे. तोंडी पतीपेक्षा लेखी पत बरी. लेखी पत तपासता येते, भांडून दुरुस्त करता येते. याला अमेरिकेचा इतिहास साक्षी आहे. आज इक्विफॅक्स म्हणतात ती कंपनी १८९९ साली अटलांटा शहरात रिटेल क्रेडिट कंपनी या नावाने सुरू झाली. तिची माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती गोळा करीत : अमक्याचे घरात पटते का, राजकारण कुठले, चालचलणूक कशी. हे सगळे फायलीत जाई आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते दिसत नसे. त्यावर ओरड झाली, आणि १९७० साली तिथे पतअहवालासंबंधी कायदा आला. माणसाला स्वतःच्या नोंदी जाणून घेण्याचा आणि त्यांवर हरकत घेण्याचा हक्क मिळाला. तिथे घरमालकालाही भाडेकरूचा अहवाल पाहता येतो. पण त्यावरून नकार दिला तर तसे कळवावे लागते, आणि भाडेकरूला साठ दिवसांत तो अहवाल फुकट मागता येतो. नकाराला कारण द्यावे लागते, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट.

तरीपण आमचा त्या युक्तिवादावर पुरता विश्वास बसत नाही. आपल्याकडे आकडा आडनावाच्या जागी येत नाही. आडनाव विचारून झाल्यावर वर आणखी आकडा विचारतात. ज्याला द्यायचीच आहे त्याला आकड्यावाचून खोली मिळते, आणि ज्याला द्यायची नाही त्याला नकार देण्यासाठी आणखी एक सभ्य कारण सापडते. दुसरे असे की आकड्याला जात नसली तरी आकडा ज्यातून तयार होतो त्या परिस्थितीला असते. आपल्या भागाला हे कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर परिसरात पुनर्वसनाची घरे मिळाली ती जमिनीच्या नोंदीप्रमाणे : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. नियम सर्वांना सारखा होता आणि कागदोपत्री बिनचूक होता. घरात माणसे किती, हे त्यात नव्हते.

असो. आता पुण्यात उतरलेल्या मुलाकडे वळू, कारण आमची खरी काळजी तिथे आहे. खोली मिळाली असे धरू. दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट, चालू महिन्याचे भाडे, दलालाची दलाली असे सगळे एकाच दिवशी मोजावे लागते. बेंगळुरूला तर दहा महिन्यांचे भाडे डिपॉझिट मागण्याचा रिवाजच पडून गेला होता. हा पैसा कुठून येतो? भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे आणि तिचा अर्ज प्रत्येकाने करायलाच हवा. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यांतले निवासाचे २०,०००. महिन्याचा हिशेब केला तर १,६६६ रुपये होतात. त्यात पुण्यात कॉट मिळते, खोली नव्हे. शिवाय ही रक्कम प्रवेशानंतर पुष्कळ दिवसांनी हाती येते आणि डिपॉझिट पहिल्या दिवशी लागते. या मधल्या फटीत मोबाईलवरचे कर्ज शिरते.

दहा मिनिटांत पंधरा हजार! आधार दाखवा, सेल्फी काढा, झाले. मुलगा म्हणतो, स्वाधारचे पैसे आले की भरून टाकू. पैसे येत नाहीत. दोन हप्ते चुकतात. कर्ज देणाऱ्याचे नावही त्याला माहीत नसते. ॲपचे नाव तेवढे माहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जाचे नियम केले : पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात आले पाहिजेत, कर्ज देणारी मूळ संस्था कोण ते सांगितले पाहिजे, एकूण खर्च किती पडेल याचा तक्ता आधी दिला पाहिजे. जे ॲप यांतले काही दाखवीत नाही ते उघडूच नका. आणि जे दाखवते तेही कर्जच आहे; त्याचा चुकलेला हप्ता लाखाच्या कर्जासारखाच नोंदला जातो. अशी नोंद किमान सात वर्षे सांभाळून ठेवली जाते.

सात वर्षे म्हणजे किती, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. अठराव्या वर्षी चुकलेला हप्ता पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या दारात उभा राहतो. इथे समोर बसलेल्यांपैकी निम्मी मुले बँकेच्या परीक्षेची तयारी करीत असतील. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत अट असते की ज्यांच्या नावावर थकबाकीची प्रतिकूल नोंद आहे ते नियुक्तीस पात्र नाहीत. २०२५ साली असाच एक खटला मद्रास उच्च न्यायालयात गेला. परीक्षा, मुलाखत सगळे पार करून निवड झालेल्या उमेदवाराची नियुक्ती या कारणाने बँकेने रद्द केली होती. न्यायालयाने बँकेचे बरोबर ठरविले. ज्या आरक्षणासाठी पिढ्या झिजल्या त्या आरक्षणातून आलेली जागा डिपॉझिटच्या पंधरा हजारांपायी हातची जावी, हे आम्हांला सहन होत नाही. आज इतक्या तळमळीने बोलतो आहोत ते त्यासाठी.

मग डिपॉझिटचे काय? एक मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. शैक्षणिक कर्ज हे फक्त कॉलेजच्या फीसाठी नसते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वसतिगृहाचा खर्च धरता येतो, आणि बाहेर राहावे लागत असेल तर राहण्या-जेवणाचा वाजवी खर्चही धरता येतो. अर्ज करतानाच तो अंदाजपत्रकात लिहा; नंतर वाढवून मिळणे अवघड. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. इथे वडिलांचा सिबिल आडवा येतो, कारण ते सहकर्जदार असतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. विद्यार्थी हे उद्याचे राष्ट्रनिर्माते आहेत या दृष्टीने पाहावे, असा त्या निकालाचा सूर होता. तो निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा नाही, पण शाखाधिकाऱ्यासमोर अदबीने सांगायला हरकत नाही. शाखाधिकारीही शेवटी लेखी अर्जालाच उत्तर देतो. तोंडी विचारले तर तोंडीच नकार मिळतो. अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

आता पालकांशी दोन शब्द. आपल्या गावात जामीन राहणे ही भीड आहे. भावकीतला येतो, "दादा, एक सही करा" म्हणतो, आणि आपण करतो. ती सही तुमच्या अहवालात दिसते. त्याने थकविले की डाग तुमच्या नावाला लागतो, आणि तुमच्या मुलीच्या कर्जाच्या वेळी तो बाहेर येतो. सही करू नका असे आम्ही म्हणणार नाही. माणसाला माणूस लागतो. पण सही कुठे केली ते वहीत लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा चौकशी करा. बचत गटातल्या आयाबहिणींनाही हेच सांगणे : गटाने पैसे भरले, पण संस्थेने तुमच्या नावावर ते जमा दाखविले का, ते पहा. जुने कर्ज तडजोडीने मिटविले असेल तर अहवालात 'तडजोड' असा शेरा राहतो, 'पूर्ण फेड' असा नाही. दोहोंत फार अंतर आहे. कर्ज फिटले की नादेय प्रमाणपत्र घ्या आणि जातीच्या दाखल्याइतकेच जपून ठेवा.

खोलीच्या करारासंबंधी थोडे सांगतो. २००० सालापर्यंत आपल्या मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे असे, की करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही हे सगळे मालकाला पहिल्याच दिवशी ऐकवू नका, नाहीतर तो म्हणेल "कालच दिली हो"! पण अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या, डिपॉझिटचा आकडा त्यात लिहिला आहे का पहा, आणि भाडे रोख न देता खात्यावरून पाठवा. सिबिल तुमचे भाडे मोजत नसेल. तुमचे पासबुक मोजते. पुढच्या खोलीच्या वेळी मागच्या वर्षाचे बारा व्यवहार दाखवता आले तर तो तुमचा स्वतःचा पुरावा, कोणत्याही कंपनीने न दिलेला.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर बाहेर जाणारांची संख्या आता वाढते आहे, म्हणून एवढेच सांगून ठेवतो : तिकडे हा प्रश्न अधिक कडक आहे. इथली नोंद विमानात बसत नाही. तिथे उतरलेला प्रत्येक परदेशी विद्यार्थी कोऱ्या पाटीने उतरतो. जर्मनीत घरमालक शुफा या १९२७ साली स्थापन झालेल्या संस्थेचा दाखला मागतात, इंग्लंडमध्ये तिथलाच जामीनदार मागतात. पण तिकडे डिपॉझिटला मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांचे भाडे, जर्मनीत तीन महिन्यांचे. पहिले वर्ष विद्यापीठाच्या वसतिगृहात काढावे, हे उत्तम.

एक गोष्ट बोलू की नको असे वाटत होते, पण घरचीच सभा आहे. आपल्यापैकी नोकरदारांनी आता उमरग्याला, सोलापूरला घरे बांधली आहेत आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण भाडेकरू दारात आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? बुरखा घातलेली बाई सोबत असेल, ऊसतोडीतून वर आलेला भटक्या जमातीचा मुलगा असेल, तर आपलीही खोली "कालच" दिलेली असते काय? आम्ही उत्तर मागत नाही. ज्यांची घरे आहेत त्यांनी निदान पावती तरी द्यावी.

शेवटी कामाचे सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या वाचनालयात आम्ही आणि आमचे दोन सहकारी बसणार आहोत. येताना पॅनकार्ड आणि स्वतःचा मोबाईल आणा. जामीन राहिलेल्या, गटात कर्ज घेतलेल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणा. अहवाल ज्याचा त्याने उघडायचा, वाचायला आम्ही मदत करू. चूक सापडली तर तक्रारीचा अर्ज तिथेच लिहू. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, आम्हांलाही नाही.